हवेत आवळलेला बोल्ट

गाड्यांना जीव लावणारे मेकॅनिक मुंबईत गल्लोगल्ली सापडतील. गाड्यांना मनापासून घाबरणारा मेकॅनिक मात्र सांताक्रूझपासून मुलुंडपर्यंत एकच आहे आणि तो माझ्या साडूचा थोरला भाऊ आहे. साडूच्या भावाला काय म्हणायचं, हे आपल्या भाषेने ठरवलेलं नाही. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यापर्यंत नातं कसंबसं आणून तिने हात टेकले. त्यामुळे मी त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणतो. विक्रोळी पूर्वेला हायवे ओलांडला की जिथे वस्ती संपते आणि खारफुटी सुरू होते, नेमकं तिथे त्यांचं गॅरेज आहे. पुढे रस्ता, मागे खाडीचा चिखल आणि मधे पत्र्याच्या शेडखाली हे गृहस्थ. वय साठीच्या आसपास, उंची बेताची, मिशी ग्रीसमुळे आपोआप काळी राहिलेली. भरती यायला लागली की मागच्या चिखलातून बुडबुडे फुटल्याचे आवाज येतात, एकामागून एक, कोणी चालत यावं तसे. नवीन गिऱ्हाईक दचकून मागे वळतं. भाऊ वळत नाहीत. "मागे बघू नको," ते शांतपणे सांगतात, "बघलंस तर ओळख धरतत." कोण ओळख धरतं ते सांगत नाहीत आणि गिऱ्हाईक विचारत नाही.

ही भीती वरवरची नव्हे. गाडी शेडमध्ये शिरली की भाऊ आधी तिच्या समोरून बाजूला होतात. मग तिला अर्धा तास नुसती उभी ठेवतात. "बसान दे तिका," म्हणतात. गरम इंजिन थंड होताना टिकटिक करतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भाऊ ती टिकटिक स्टुलावर बसून, मान खाली घालून, शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकावं तशी ऐकतात. गाडीला काय झालंय, हे ते गिऱ्हाइकाला विचारतच नाहीत. त्यांचे प्रश्न दोनच. खंयसून इली? आणि काल खंय होती? एकदा घाटकोपरच्या एका मुलाने नवीकोरी गाडी आणली आणि काल कुठे होती याचं उत्तर देताना सहज बोलून गेला की लग्नाच्या हॉलबाहेर जागा नव्हती म्हणून बाजूच्या स्मशानाच्या भिंतीला लावली होती. भाऊंनी आपलं स्टूल उचललं आणि सात-आठ फूट लांब नेऊन ठेवलं. त्या गाडीचं फक्त ऑइल बदलायचं होतं. ते तिसऱ्या दिवशी बदललं गेलं.

कोकणात भर दुपारी बाराला माणूस उगाच वाटेवर फिरत नाही. ती वेळ आपली नाही असं मानतात. भाऊंनी तो नियम गावाहून आणून थेट ईस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या कडेला बसवला आहे. बाराला पाच कमी असताना हातातला पाना खाली ठेवायचा, भिंतीला पाठ लावून बसायचं, डबा उघडायचा आणि साडेबारापर्यंत कुठल्याही गाडीखाली जायचं नाही. भांडुपच्या एका मच्छीच्या टेम्पोवाल्याला हे पटेना. माझा बर्फ वितळतोय, तुमचं भूत बर्फाचे पैसे देणार आहे का, असं म्हणून तो बारा वाजून दहा मिनिटांनी स्वतःच पाना घेऊन टेम्पोखाली सरकला. दोन मिनिटांत टेम्पोचा हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि थांबेना. केबिनमध्ये कोणीच नव्हतं. मालक ज्या वेगाने बाहेर आला त्या वेगाने आत नक्कीच गेला नव्हता. कुठेतरी वायर शॉर्ट झाली असणार हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं. तरीपण तो साडेबारापर्यंत भाऊंच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसला आणि त्यांनी पुढे केलेली अर्धी भाकरी निमूट खाल्ली. साडेबाराला हॉर्न बंद पडला. बॅटरी उतरली असेल, असं मी म्हटलं. "उतरली आसतली," भाऊ डबा बंद करत म्हणाले, "तेंचीय उतरता." 'तेंची' म्हणजे कोणाची, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत तर त्यांचा सोवळं-ओवळं सांभाळणाऱ्या आजीसारखा कारभार. गाडीतून काढलेला जुना भाग आणि बसवायचा नवा भाग एकमेकांना दिसता कामा नयेत. जुना खाडीच्या बाजूला, गोणपाटाखाली. नवा आत, गणपतीच्या तसबिरीखालच्या फळीवर. जुना नव्याला काय शिकवून ठेवील याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं. भंगार बाजारातून वापरलेला भाग आणायची वेळ आली तर ते आधी तो हातात घेऊन बराच वेळ उभे राहतात. एकदा एक चांगला धड, कुठेही न वाकलेला स्टीअरिंग रॉड त्यांनी दुकानदाराला परत केला. का, तर म्हणाले, "ह्येणां काय तरी बघलेला आसा." दुकानदार मुंबईतला कसलेला माणूस, पण त्याने तो रॉड परत घेतला आणि दुकानात न ठेवता बाहेर ठेवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

इतकं सगळं असूनही लोक त्यांच्याकडेच का येतात? तर भाऊंनी केलेलं काम पुन्हा करावं लागत नाही. त्याचं कारणही भीतीच. जो गाडीला घाबरत नाही तो एखादा बोल्ट अर्धा सोडतो. जो घाबरतो तो तीनदा तपासतो. जॅक लावण्याआधी ते गाडीसमोर नारळ ठेवून, डोक्यावर रुमाल टाकून, रीतसर गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, आज ही जी गाडी तुझ्या दारात उभी रवली आसा, तिच्या खाली तुझा लेकरू जाता आसा म्हाराजा. नट गंजलेलो आसलो तरी फिरान दे. बोल्ट मधीच तुटान देव नको. दाबून धरलेली स्प्रिंग दबलेलीच रवान दे. आणि ह्या गाडयेत आधी कोण बसान गेलो आसात, तर तेका आपल्या घराक जावची बुद्धी दे म्हाराजा." प्रत्येक वाक्यानंतर 'होय म्हाराजा' म्हणायला गावात अख्खी वाडी असते. इथे ते काम गिऱ्हाइकाला करावं लागतं. मुलुंडचे एक धान्याचे गुजराती व्यापारी पहिल्यांदा हसले होते. दुसऱ्या खेपेला मोठ्याने म्हणाले. आता म्हणे घरी बायकोने काही काम सांगितलं की त्यांच्या तोंडून 'होय म्हाराजा' निघतं.

आणि एक नियम असा, की ज्यात भुताखेताचा काही संबंध नाही, शुद्ध कारागिरी आहे. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा एक जाड लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याच्या सांगाड्याकडच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे रबराच्या जाड कड्या, बसवलेल्या असतात. चाक वरखाली झालं की ते रबर पिळतं आणि पुन्हा सरळ होतं. हा आर्म बदलताना गाडी जॅकवर असते, चाक लटकत असतं. त्या लटकत्या अवस्थेत बुशाचे बोल्ट आवळून टाकले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्या दिवसांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी नुसते अडकवायचे, गाडी जमिनीवर घ्यायची, चाकांवर वजन येऊ द्यायचं आणि मग शेवटचा पीळ द्यायचा. "हवेत बोल्ट आवळणारो मेकॅनिक," भाऊ म्हणत, "म्हणजे टांगलेल्या माणसाचां माप घेवन सदरो शिवणारो शिंपी." या एका मुद्द्यावरून भांडुपच्या एका मेकॅनिकशी त्यांनी दोन वर्षं अबोला धरला होता.

आता मला माझ्या दादाबद्दल सांगायला हवं. माझा थोरला भाऊ पिकअप चालवायचा. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार भांडुपहून भरायचे आणि नाहूर-मुलुंडच्या बिल्डिंगांमधून पोचवायचे, हा त्याचा धंदा. वहिनी घरून फोन घ्यायची, कोणाला किती जार हे लिहून ठेवायची. जार उचलून उचलून दादाची कंबर गेली होती. त्यामुळे गतिरोधक आला की चाक त्यावर चढताना त्याच्या छातीतून एक लांबलचक 'हंऽऽऽ' निघायचं. दुखल्याचं नव्हे, जरा वैतागाचं आणि जरा आरामाचं. आम्ही घरात त्याची नक्कल करायचो. एके दिवशी सकाळी मुलुंडमध्ये, गाडी चालवता चालवताच, त्याचं हृदय बंद पडलं. पिकअप डावीकडे वळत गेली आणि पुढचं डावं चाक फुटपाथच्या कडेवर आदळून थांबली. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही. दादा मात्र हॉस्पिटलला पोचलाच नाही.

गाडी चार महिने आमच्या नाहूरच्या बिल्डिंगच्या कंपाऊंडला ताडपत्रीखाली उभी होती. डावा आर्म वाकलेला, चाक आत मुडपलेलं. मी स्पष्टच सांगतो, मला ती गाडी विकून टाकायची होती. येता-जाता ती ताडपत्री दिसू नये म्हणून मी दुसऱ्या फाटकाने जायचो. पण वहिनीने तोवर ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं, परीक्षा दिली होती आणि लायसन्स आणलं होतं, तेही मला न सांगता. "गिऱ्हाइकं अजून फोन करतात, भावोजी," ती म्हणाली. "जार उचलायला माणूस मिळेल. गाडी मी चालवणार. त्यांचीच चालवणार, दुसरी नको." मी हो म्हटलं आणि गाडी मुद्दाम भाऊंकडे टोचन करून नेली. मुद्दाम अशासाठी, की ज्या गाडीत माणूस गेला त्या गाडीला हा भित्रा गृहस्थ हात लावणार नाही, आणि मग वहिनीला समजावणं सोपं जाईल, असा माझा हिशेब होता.

हिशेब अर्धाच बरोबर आला. भाऊंनी गाडीला अर्ध्या तासाऐवजी तीन दिवस बसू दिलं. "ही बोलत नाय," ते मला फोनवर सांगत होते. इंजिन चालूच झालेलं नसताना ते टिकटिक कुठून करणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही. पण चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "वयनींची गाडी आसा. नाय म्हणाक येवचां नाय. तू फकस्त होय म्हाराजा म्हणाक ये." मी गेलो. ओहोटी होती, मागचा चिखल गप्प होता, पत्रा उन्हाने तापून मधूनच कडकन वाजत होता. भाऊंनी गाऱ्हाणं घातलं. 'आधी कोण बसान गेलो आसात' या वाक्यापाशी ते अडले, माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते वाक्य गाळून पुढे गेले. माझं 'होय म्हाराजा' एक वाक्य उशिरा निघालं.

आर्म लवकर सुटेना. चाकाकडचा गोल सांधा, बॉल जॉइंट, गंजून बसला होता. हातोड्याचे घाव घालून, डिझेल सोडून, पुन्हा घाव घालून तो निघाला. वाकलेला आर्म बाहेर आला तो भाऊंनी लगेच गोणपाटाखाली घातला. फळीवरून नवा आर्म आणला, जागेवर धरला, बोल्ट अडकवले. घड्याळात बाराला दहा कमी होते. शेडमध्ये आम्ही दोघेच. भाऊ गाडीखाली, मी नारळाजवळ उभा. आणि तेव्हा वर केबिनमध्ये ड्रायव्हरची सीट वाजली. माणूस सीटवरून उठला की फोम वर येताना जसा 'कर्र' आवाज होतो, अगदी तसा. दरवाजा बंद होता, काच वर होती, आत काहीच नव्हतं. तीन दिवस तापल्या पत्र्याखाली राहून रेक्झिन फुगलं असेल, असं मी पुढचे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. त्या क्षणी मात्र मी जागचा हललो नाही. गाडीखालून पाना फिरल्याचा आवाज भराभर येत होता. बाराला पाच कमी असताना भाऊ बाहेर आले, जॅक खाली घेतला, हातही न पुसता भिंतीशी जाऊन बसले आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. "झाला," एवढंच म्हणाले. "न्या तिका."

वहिनी दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवायला लागली. पहिला आठवडा मी धास्तीत होतो, पण ती सराईतासारखी जायची-यायची. जार उचलायला बिल्डिंगमधलाच एक माणूस मिळाला होता. तीनेक आठवड्यांनी मला तिच्यात फरक जाणवायला लागला. चार महिने जिचा आवाज घरात ऐकू येत नव्हता ती भाजी चिरताना गुणगुणायला लागली होती. माझ्या बायकोने विचारलं तर नुसती हसली. मग एका रविवारी मला म्हणाली, "भावोजी, नाहूरच्या पुलापर्यंत चला माझ्याबरोबर. काही बोलू नका, फक्त बसा."

मी बसलो. रस्ता रिकामा होता, ऊन लख्ख होतं. पहिला गतिरोधक आला. वहिनीने ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, पुढचं चाक चढलं आणि माझ्या पायांखालून, डाव्या बाजूने, एक लांबलचक 'हंऽऽऽ' आलं. दादाचं. तसंच, छातीतून आल्यासारखं, शेवटी जरा आरामाचं. वहिनी समोर बघत गाडी चालवत होती. दुसऱ्या गतिरोधकावर तेच. तिसऱ्यावर तेच. "रोज येतात," ती म्हणाली. "आधी मला वाटलं मला भास होतोय. मग जार उचलणाऱ्या माणसाने विचारलं, वहिनी हा कोण कण्हतो म्हणून. मी सांगितलं, गाडीचे मालक आहेत." मला खाली उतरायचं होतं आणि उतरायचंही नव्हतं. माझा माझ्या भावावर फार जीव होता, हे मला त्या गाडीत बसून चौथ्या गतिरोधकाची वाट पाहताना कळलं.

पण मी शेवटी मीच. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात पुन्हा गाडी विकायचा विचार आला. वहिनीचं हे बरं लक्षण नव्हतं. भाऊंकडे गाडी नेऊन हा आवाज ऐकवला, की ते घाबरून तिला सांगतील, गाडी काढून टाका. आणि भुताखेतातल्या जाणत्या माणसाचं ती ऐकेल. म्हणून पुढच्या शनिवारी मी तिला विक्रोळीला घेऊन गेलो. पोचेपर्यंत सव्वाबारा झाले. भाऊ भिंतीला पाठ लावून जेवत होते.

गॅरेजच्या तोंडाशीच एक गतिरोधक आहे. गाडी त्यावरून आली आणि कण्हली. भाऊंचा घास हातातच राहिला. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. ते उठून आले. गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून त्यांनी खाली जोर दिला. 'हंऽऽऽ.' सोडलं. पुन्हा दिला. 'हंऽऽऽ.' "कदीपासून?" त्यांनी विचारलं. वहिनीने सांगितलं, आणि कोण आहे तेही सांगितलं, अगदी साधेपणाने. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग नारळ नाही, रुमाल नाही, गाऱ्हाणं नाही, बसान दे नाही. सव्वाबाराला तो माणूस टॉर्च घेऊन गाडीखाली सरकला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी मला त्यांच्यासाठी भीती वाटली.

बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. ते जमिनीवरच बसून राहिले. "वयनी," ते म्हणाले, "ह्यां भूत नाय. ही माझी चूक आसा." त्यांनी टॉर्च बंद केला. "त्या दिवशी माका भय वाटलां. घाईघाईत बोल्ट हवेतच आवळलंय. बुशाचां रबर पिळान फाटलां. लोखंड घासता तेचो आवाज ह्यो." ज्या गोष्टीवरून त्यांनी दुसऱ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता तीच आपल्या हातून झाली, हे ते आमच्या दोघांच्या समोर, जमिनीवर बसून सांगत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी नुसतं मान डोलावली असती, होय वयनी तेच आसत असं म्हटलं असतं, तर जगात कोणालाही काही कळलं नसतं.

वहिनीने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाली, "असू दे ना, भाऊ. मला चालतंय." भाऊंनी मान हलवली. "आज आवाज येता. उद्या ब्रेक मारल्यार चाक मागे सरकात. जारांनी भरलेली गाडी एका अंगाक वढीत, तुमका सावराक येवची नाय." "मी हळू चालवते." "दादाय हळूच चालवीत." मग वहिनीचा आवाज फुटला. "भाऊ, घरात चार महिने कोणी हुं म्हणून बोललं नव्हतं. तुमच्या चुकीने का होईना, आले ना ते. मला नाही पाहिजे दुरुस्ती." हे ऐकून मी खाडीकडे बघायला लागलो. डोळे पुसायला कोणी बघत नाही अशी तेवढीच एक दिशा होती. भाऊ उठले आणि तिच्यासमोर उभे राहिले. "तां भूत आसता तर मी हात लावलंय नसतंय," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडान सांगलंय आसतां, रवान दे म्हणान. पण ह्यां माझ्या हातचां पाप आसा वयनी. ह्येच्यात तुमी गेलास, तर मी दादाक खंयचां तोंड दाखवू?"

वहिनीने चावी मुठीत धरून ठेवली होती. "एक फेरी मारून येऊ?" तिने विचारलं. "हळू जावा," भाऊ म्हणाले. ती एकटीच गेली. सर्व्हिस रोडवर, हायवेच्या कडेकडेने, कुठे कुठे गतिरोधक आहेत ते तिला पाठ होतं. आम्ही दोघे शेडमध्ये उभे होतो. भाऊंनी हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते, पण या वेळी गाऱ्हाण्यात मी काही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. अर्ध्या तासाने ती आली. डोळे लाल होते. चावी भाऊंच्या हातात देऊन म्हणाली, "करा."

त्यांनी दुसरा नवा आर्म बसवला. गाडी खाली घेतली, चारी चाकांवर वजन आलं, गाडी आगेमागे ढकलून बसू दिली. मग वहिनीला म्हणाले, "तुमी बसा सीटवर. आता ही तुमच्या वजनाची गाडी." ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि भाऊंनी गाडीखाली जाऊन शेवटचा पीळ दिला, एकेक बोल्ट, सावकाश, प्रत्येक वेळी मोठ्याने मोजत. वहिनी निघाली. गॅरेजच्या तोंडचा गतिरोधक आला, चाक चढलं, उतरलं. काहीही आवाज आला नाही. गाडी पलीकडे जाऊन थांबली. दरवाजा उघडला नाही, हॉर्न वाजला नाही, वहिनीने मागे वळून पाहिलं नाही. चांगली दोन-तीन मिनिटं ती तिथेच होती. मग गेली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. वहिनीचा धंदा उत्तम चाललाय, दादाच्या वेळेपेक्षा पाच बिल्डिंगा जास्त आहेत. मी गाडी विकायचं नाव काढत नाही. भाऊंचं घाबरणं तसंच आहे, उलट थोडं वाढलंय. आता बाराऐवजी पावणेबारालाच पाना खाली ठेवतात. फक्त एक नवीन रीत सुरू झाली आहे. महिन्यातून एकदा वहिनी गाडी घेऊन विक्रोळीला जाते आणि म्हणते, "भाऊ, डाव्या बाजूला काहीतरी येतंय वाटतं. बघा ना." भाऊ उठतात, डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देतात, कान लावतात आणि म्हणतात, "येता. बारीक येता. धोको नाय, चालवा." ती मान डोलावते, चहा घेते आणि जाते.

मागच्या महिन्यात मीही बरोबर होतो. भाऊंनी कान लावला, म्हणाले, येता. मी पलीकडून वाकून कान लावला. मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. आयुष्यात स्वतःची चूक लपवायला खोटं न बोललेला माणूस दर महिन्याला एका बाईसाठी खोटं बोलतोय, हे माझ्या लक्षात आलं आणि मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की वहिनी गेल्यावर जरा चिडवावं म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. ते अजून रस्त्याकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंत, ग्रीसमधूनसुद्धा, त्यांच्या हातावरचा केस न् केस उभा होता. मी चहाचे रिकामे पेले विसळायला घेतले. पुढच्या खेपेला वहिनीने मला विचारलं तर मीही 'येतो' म्हणून सांगेन. कान लावायला मात्र जाणार नाही.